बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहू का?

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं एकाच विषयावर येतात, ते म्हणजे स्कूल बोर्ड, म्हणजे गावच्या सरकारी शाळांवर देखरेख ठेवणारं, बहुतेक ठिकाणी निवडून येणारं मंडळ. या वेळीही तसंच झालंय, त्यामुळे व्हिसा आणि आईवडिलांच्या इन्शुरन्सचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी मध्य न्यू जर्सीत राहते, सिटिझन होऊन काही वर्षं झाली. एका छोट्या नॉनप्रॉफिट संस्थेत पालकांना एकत्र करायचं काम करते, पगारी नोकरी आहे. आमच्या वस्तीतल्या मुलांना शाळेची बस मिळत नाही कारण शाळा दोन मैलांच्या आत आहे, पण रस्ता असा की फूटपाथ नाही आणि ट्रक सुसाट जातात. आम्ही बोर्डाच्या मीटिंगला गर्दी केली, सह्या दिल्या, प्रत्येकी तीन मिनिटं बोललो, ते माना डोलावतात आणि पुढच्या विषयाला जातात. आता सगळे म्हणतायत तूच उभी राहा. घरचेही तयार आहेत. बाकी आमच्या संस्थेला स्कूल डिस्ट्रिक्टकडून (बोर्डाच्या हाताखालचा शाळांचा विभाग) आफ्टरस्कूल कार्यक्रमाचे पैसे मिळतात आणि नणंद तिथल्याच एका शाळेत शिकवते, पण त्याने काही बिघडत नाही ना?
— बसची वाट बघणारी

उत्तर : बिघडू शकतं, आणि तू जे शेवटच्या ओळीत उरकलंयस तेच आधी बघू या. बोर्डाशी झालेल्या कुठल्याही कॉन्ट्रॅक्टमध्ये बोर्ड मेंबरचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नको, असा न्यू जर्सीत स्पष्ट कायदा आहे. तुझा पगार ज्या संस्थेतून येतो तिला डिस्ट्रिक्ट पैसे देतं, मग तुझा संबंध अप्रत्यक्ष आहे का नाही, हे मी नाही ठरवू शकत आणि तुझी डायरेक्टरही नाही ठरवू शकत, वकिलाकडून लेखी घे आणि ते फॉर्म भरायच्या आधी घे. निवडून आल्यावर हे निघालं तर तुझ्या हातून सीटही जाईल आणि संस्थेचं कॉन्ट्रॅक्टही, आणि आफ्टरस्कूलची मुलं मधल्यामधे भरडली जातील. कदाचित तुला नोकरी आणि सीट यातलं एक निवडावं लागेल, घरात हे आत्ताच बोलून घ्या कारण सीटला पगार नाही, न्यू जर्सीत बोर्ड मेंबर फुकट काम करतात.

नणंदेचं त्यामानाने सोपं आहे. ती शिकवते म्हणून तुला उभं राहता येत नाही असं नाही, पण शिक्षकांच्या युनियनशी पगाराची बोलणी किंवा सुपरिंटेंडंटची (डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणारा मुख्य अधिकारी) नेमणूक असे विषय आले की तुला बाजूला बसावं लागेल. म्हणजे मोठी दोन मतं तुझ्या हातात नसतील. मतदारांना हे आधीच सांगून टाक, नाहीतर समोरचा उमेदवार सांगेल.

आता संस्थेचं. ती बहुतेक ५०१-सी-३, म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था असणार, आणि अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला १९५४ पासून बंदी आहे, निवडणूक गावची असो की राष्ट्राध्यक्षाची. तू स्वतःच्या वेळेत उभी राहू शकतेस, तो तुझा हक्क आहे. पण संस्थेची ईमेल यादी, ऑफिस, प्रिंटर, ऑफिसच्या वेळातले फोन, यातलं काही म्हणजे काही वापरायचं नाही. सगळ्यात अवघड ती यादी, कारण ते पालक तुझ्या ओळखीचेच आहेत, नंबर तुझ्या फोनमध्येच आहेत, आणि मनात येतं की एक मेसेज टाकला तर काय होतंय. ती यादी संस्थेची आहे, तुझी नाही. नव्याने दारोदार जा आणि ज्याने स्वतः नंबर दिला तोच लिहून घे. कॅम्पेनचं बँक खातं आणि खजिनदारही पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव.

पात्रता फार नाही. नागरिक, अठरा पूर्ण, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष वास्तव्य, मतदारयादीत नाव, लिहिता वाचता येणं, आणि निवडून आल्यावर बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी. नोव्हेंबरच्या निवडणुकीचा पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्यांसकट उमेदवारीचा अर्ज, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत काउंटी (जिल्हा) क्लार्ककडे पोचला पाहिजे, चार म्हणजे चार. सह्या लागतात त्याच्या दुप्पट गोळा कर, कारण कुणीतरी डिस्ट्रिक्टबाहेरचा असतो, कुणाचं नाव यादीत नसतं. शिकागोत २०२४ मध्ये हजार सह्या लागत होत्या आणि तिथे एकमेकांच्या सह्यांवर हरकती घेऊन उमेदवार बाद करणं हा जुनाच खेळ आहे. न्यू जर्सीत तेवढं नसतं, पण शिस्त तीच ठेव.

आता बस, जिच्यासाठी हे सगळं चाललंय. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब आणि हायस्कूलवाल्याचं अडीच मैलांहून लांब असेल तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. त्याच्या आतल्या बसला कर्टसी बसिंग म्हणतात, ती दिली तर खर्च डिस्ट्रिक्टच्या खिशातून. आणि त्या खिशाला मर्यादा आहे, प्रॉपर्टी टॅक्समधून शाळांसाठी गोळा होणारी रक्कम काही अपवाद सोडले तर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. तेवढ्यात पगारवाढ, हेल्थ इन्शुरन्स आणि स्पेशल एज्युकेशन (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण) बसवायचं. (स्पेशल एज्युकेशनच्या जादा खर्चाचा ४० टक्के वाटा देऊ असं केंद्र सरकारने १९७५ च्या कायद्यात म्हटलं होतं, आजवर एकदाही तिथवर पोचलेलं नाही. पण तो वेगळाच राग आहे.) शिवाय फूटपाथ बोर्डाच्या हातात नाहीच, तो टाउनशिपचा किंवा रस्ता काउंटीचा असेल तर काउंटीचा. त्यामुळे ‘मला निवडून द्या, मी बस आणते’ असं चुकूनही म्हणू नकोस. नऊ जणांच्या बोर्डात तू एक मत, पाच लागतात. आत्ता बसलेल्यांपैकी कोण कोण तुझ्याकडे वळू शकतं, कुणाची मुदत संपतेय, गेल्या बजेटला कुणी काय मत दिलं, हे सगळं मीटिंगच्या इतिवृत्तात असतं आणि ते कुणालाही वाचता येतं. ते वाच. तुला हे काम येतं, पालकांमधून कोण बोलू शकतं आणि कोण नुसताच मागे बसतो हे तू रोज ओळखतेसच की.

आणि एक. तू आत गेलीस की बाहेर कोण उरणार? शिकागोच्या दक्षिण भागातली डायेट हायस्कूल बंद करायचं बोर्डाने २०१२ मध्ये ठरवलं, तेव्हा तिथलं सगळं बोर्ड महापौरांनी नेमलेलं होतं, मत मागायला जागाच नव्हती. २०१५ मध्ये १२ जण उपोषणाला बसले, ३४ दिवस, आणि शाळा पुढच्या वर्षी पुन्हा उघडली. त्यात पुढे असलेले जितू ब्राउन हे मुरलेले कम्युनिटी ऑर्गनायझर. शिकागोत बोर्डाची पहिली निवडणूक झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि त्यात ते निवडून आले. म्हणजे शाळा आधी वाचली, सीट नऊ वर्षांनी आली. तुझ्याही बाबतीत बसचा ठराव पास होईल तो बहुतेक तू आत आहेस म्हणून नाही, समोरच्या खुर्च्या भरलेल्या आहेत म्हणून, आणि त्या खुर्च्या आजवर तूच भरत होतीस. तेव्हा अर्ज भरायच्या आधी दोन पालक असे तयार कर जे उद्या तुलाही तीन मिनिटं सुनावतील. ते तयार होत नसतील तर या वर्षी थांब, पुढच्या वर्षीही तीन सीट निघतातच.

प्रश्न : आम्ही दोघं एच-वन-बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), मुलगी चौथीत. आमच्या ओळखीच्या एक बाई बोर्डाला उभ्या आहेत, त्यांना मदत करायची आहे. भाड्यातून टॅक्स आम्हीही भरतो, मग मत का नाही? निदान शंभर डॉलर दिले तर चालतील ना?
— एक बाबा

उत्तर : नाही चालणार. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला देणगी देणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, त्यात गावचं स्कूल बोर्डही आलं. ग्रीन कार्डवाल्याला देता येते, तुम्हाला नाही. मित्राच्या नावाने देऊ असं मनात आलं असेल तर तेही काढून टाका, ते जास्त वाईट. फुकट श्रमदान मात्र करता येतं, फोन करा, दारं ठोठवा, फक्त पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत बसू नका.

मताचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये मतदान घेऊन नागरिक नसलेल्या पालकांना बोर्डाच्या निवडणुकीत मताचा हक्क दिलाय, पण नोंदणी केली तर माहिती इमिग्रेशनकडे जाऊ शकते असा इशाराही शहरच देतं. शिकागोत प्रत्येक शाळेची लोकल स्कूल काउन्सिल असते, त्यात पालक नागरिक नसला तरी मत देतो आणि निवडूनही येतो. न्यू जर्सीत यातलं काही नाही. लायसन्स काढताना मोटार व्हेइकलच्या काउंटरवर ‘मतदार म्हणून नोंदवू का’ असं घाईत विचारतात, तिथे ‘नाही’च म्हणा, चुकून हो गेलं तर पुढे ग्रीन कार्डच्या वेळी फार महागात पडतं.

पण मीटिंगला जाऊन बोलायला कुणी व्हिसा विचारत नाही. तुम्ही पालक आहात, माइक तुमचाही आहे, आणि आपल्यातले बरेच जण तेवढंही करत नाहीत, नुसते दिवाळीच्या सुट्टीचा विषय आला की जागे होतात. (ती सुट्टी मिळाली तरी १८० दिवस शाळा भरवावीच लागते, म्हणजे जूनमध्ये एक दिवस वाढतो. पाळणाघराचा खर्च कुणाचा, हेही तेव्हा विचारात घ्या.)

प्रश्न : सूनबाई तिकडे स्कूल बोर्डाला उभी आहे म्हणे. पक्ष कोणता, मानधन किती, आणि मुलाने इकडची जमीन विकायला काढली तर आम्ही काय समजायचं?
— साताऱ्याहून एक सासरे

उत्तर : काका, जमीन राहू द्या. तिकडच्या बहुतेक ठिकाणी या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्ष नसतो, फ्लोरिडात २०२४ मध्ये पक्ष आणायचा प्रस्ताव आला होता, त्याला ६० टक्के मतं मिळाली नाहीत म्हणून पडला. मानधन राज्याराज्यावर आहे, न्यू जर्सीत शून्य, तर लॉस एंजेलिसमध्ये दुसरी नोकरी नसलेल्या मेंबरला २०१७ पासून वर्षाला सव्वा लाख डॉलर. तिथल्या निवडणुकीत पैशाचा पूर असतो हे खरं, पण छोट्या गावात मतदानच इतकं कमी होतं की काहीशे मतांनी निकाल लागतो, त्याला चपला झिजवाव्या लागतात. आणि तुम्ही प्रेमाने इथून पैसे पाठवायला जाल, तर वरचं उत्तर वाचा, तुम्हालाही ती बंदी आहे.

प्रश्न : मी पूर्वी भाडेकरूंची संघटना चालवायचे, जानेवारीत बोर्डात शपथ घेतली. आता वाण्याकडे गेलं तरी कुणीतरी अमुक टीचरची तक्रार सांगतं. मी सरळ प्रिन्सिपलला फोन केला तर? आणि जुने सहकारी म्हणतात तू बंद दाराआडच्या मीटिंगमधलं सांगत नाहीस, बदललीस.
— न्यू जर्सी

उत्तर : फोन करू नका. शाळा चालवणं सुपरिंटेंडंटचं काम, ती नीट चालतेय का ते बघणं बोर्डाचं, आणि हे नुसतं सांगायला नाही, राज्याच्या स्कूल एथिक्सच्या नियमांत लिहिलेलं आहे. पालकाला म्हणायचं, आधी टीचर, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंट. नेमणूक किंवा बदलीसुद्धा बोर्डाला सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय करता येत नाही. नियम मोडला तर ताकीद मिळते, जास्त झालं तर पदही जातं.

बंद दाराआडचं सांगायचं नाही, तेही त्याच नियमात आहे, सहकाऱ्यांना हे एकदा बसवून समजावा. तरी रुसले तर रुसू देत. त्यांना द्यायला तुमच्याकडे उघडं असलेलं भरपूर आहे. बजेटचा मसुदा कधी येतो, सुनावणी कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर काय दडलंय, हे संघटनेतल्या माणसाला सांगितलंत तर पुढचं त्याला कळतं. आणि नऊपैकी पाच मेंबर असलेला जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नक्कीच झाला असेल, त्यात बोर्डाच्या कामावर चर्चा सुरू झाली की कायद्याच्या नजरेत ती मीटिंग होऊ शकते, जी लोकांसमोर व्हायला हवी होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा टाका, बाकी काही नको.

प्रश्न : प्रचाराची पत्रकं मेलबॉक्समध्ये टाकत गेलो तर पोस्टाचा खर्च वाचेल का?

उत्तर : वाचेल आणि दंड होईल. तिकीट न लावता मेलबॉक्समध्ये काही टाकणं केंद्रीय कायद्याने बंद आहे. दाराच्या कडीला अडकवा, किंवा बेल वाजवून हातात द्या.