नववी-दहावीच्या मुलांना पेशीविभाजन आणि आनुवंशिकता कशी शिकवावी? मुलं अवस्था पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात

"एखादी सोपी अॅक्टिव्हिटी सुचवा" असंही तुम्ही खाली लिहिलंय. त्यावर येतो नंतर, पण अॅक्टिव्हिटी कमी पडते म्हणून पोरं विसरत नाहीत हो. एकाच गोष्टीचे दोन तुकडे करून आपण ते दोन वेगळ्या वर्षांत शिकवतो, म्हणून विसरतात. सध्याच्या पुस्तकात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नववीला, सोळाव्या धड्यात, तोही वर्ष संपता संपता, आणि सूत्री-अर्धगुणसूत्री विभाजन दहावीला भाग दोनमध्ये. म्हणजे जोडीतला एकच घटक (आजच्या भाषेत जनुक) पुढच्या पिढीत जातो हे पोरानं नववीत नुसतं मान्य करायचं आणि तो एकच का जातो हे दहावीत कळणार, तेही शिकवणाऱ्याला आठवण राहिली तर. मेंडेलनं १८६६ ला पेपर छापला तेव्हा गुणसूत्रांचं काम कुणालाच माहीत नव्हतं, १९०० पर्यंत तो पेपर कुणी मनावर घेतला नाही, मग १९०२-०३ ला सटन नावाच्या संशोधकानं नाकतोड्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या सुटताना बघितल्या आणि दोन्ही टोकं जोडली. त्यांना तेवढा वेळ लागला ते समजू शकतो. आपल्याकडं नववीचं आणि दहावीचं पुस्तक एकाच कपाटात असतंय की.

आता हा प्रश्न बघून मला लिहायची एवढी खाज का सुटली ते सांगतो.

करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलला होतो तेव्हाची गोष्ट. नववीला फळ्यावर वाटाण्याचा एकसंकर (एकाच लक्षणात वेगळ्या दोन झाडांचा संकर) चालू होता, मोठा टी छोटा टी, पनेटची चौकट (आईबापांचे घटक आडवे-उभे मांडून पुढची पिढी काढायचा तक्ता), तीन उंच एक बुटका, सगळं रीतसर. पोरं वहीत उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचं एक पोरगं, जे एरवी हजेरीलाच तोंड उघडायचं, ते उठून म्हणालं, "सर, आमच्या रानात चारातला एक ऊस बुटका कधीच येत नाही." वर्ग हसला. मी नाही हसलो, कारण इतका सरळ प्रश्न मला त्या धड्यावर तोवर कुणी विचारलेला नव्हता, ट्रेनिंगमध्ये पण नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्ही लावता काय? म्हणाला टिपरी, म्हणजे उसाचा तुकडा. दोन डोळ्यांची. बी लावता का? नाही. उसाला बी असतं का? इथं वर्गात दोन पार्ट्या पडल्या, निम्मी म्हणाली उसाला बीच नसतं, निम्मी म्हणाली मग तुरा कशाचा येतो. झालं, वाटाणा फळ्यावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पोरं टिपऱ्या घेऊन आली, तुरे घेऊन आली (थंडीचे दिवस होते, रानात तुरा होताच), एक जण तर अख्खा ऊस खांद्यावर टाकून आला आणि मधल्या सुट्टीत तो ऊस कुठं गेला ते विचारू नका.

त्या दोन तासांत जे झालं तेच माझं तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. टिपरीवरचा डोळा फुटतो म्हणजे काय होतं? एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, आणि दर वेळी गुणसूत्रांची आधी नक्कल होते, मग ती सारखी वाटली जातात, कमी नाही जास्त नाही. हे मायटॉसिस, पुस्तकातलं सूत्री विभाजन. म्हणून ८६०३२ या वाणाची टिपरी लावली की ८६०३२ च येतो, खोडव्याला (तोडल्यावर परत फुटलेल्या उसाला) पण तोच, निडव्याला पण तोच, आणि शेजारच्यानं तुमच्याकडनं बेणं नेलं तर त्याच्याकडं पण तोच. आणि म्हणूनच वाणाला एखादा रोग लागू झाला की सगळं शिवार एकदम धरतं, हे मी नाही, एका पोरीनं सांगितलं. तुऱ्यात मात्र फुलं असतात, तिथं मियॉसिस, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन होतं, जोड्या सुटतात, गुणसूत्रं निम्मी होतात, आणि एकाच्या परागातलं निम्मं दुसऱ्याच्या निम्म्याला भेटतं. तुऱ्यातलं बी लावलं तर दर रोप वेगळं. मग नवीन वाण कसा काढतात? असाच. ८६०३२ ची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. ६७१ हे नाव ऐकल्यावर वर्गातली निम्मी पोरं "आमच्या आजोबांनी लावला होता" म्हणून ओरडायला लागली. ज्या वाणाची बिलं घरात येतात त्याला आईबाप आहेत, कोइमतूरला कुणीतरी एकाच्या तुऱ्यावर दुसऱ्याचे पराग टाकले आणि हजारो रोपांतनं एक निवडलं, ही गोष्ट त्या पोरांना कधी कुणी सांगितलीच नव्हती. नंतर वाटाण्यावर परत आलो तर तीनास एक समजायला दहा मिनिटं पण लागली नाहीत.

आणि नेमके त्याच वेळी सुपरवायझर साहेब राऊंडला आले. टेबलावर टिपऱ्या, खाली पाचट, फळ्यावर ऊस. स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "सर, बोर्डाला ऊस येत नाही. वाटाणा येतो." मी म्हटलं, साहेब, या गावात वाटाणा पेरतंय कोण? ते म्हणाले, पेरायचा नाही, लिहायचा आहे. यावर बाकीचे शिक्षक खूप हसले आणि खरं सांगू, वाक्य चांगलंच होतं. पुढं घटक चाचणी झाली, माझ्या तुकडीची आणि शेजारच्या तुकडीची सरासरी जवळजवळ सारखी आली, तर साहेबांनी ती मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. "ऊस लावून फरक काय पडला?"

तेव्हा मी गप्प बसलो, हेडसर समोर होते. आता सांगतो. पेपरात प्रश्न काय होते? व्याख्या लिहा, आकृती काढून नावं द्या, फरक स्पष्ट करा. पाठ करणाऱ्याला पैकीच्या पैकी देणाऱ्या पेपरात समजलेल्याला जादा मार्क कुठनं मिळणार साहेब? एकच प्रश्न घातला असता, "डोळा लावून आलेल्या उसात आणि बी लावून आलेल्या उसात फरक का पडतो?", मग काढायची होती सरासरी. मी तो घालायला सांगितला होता. पुस्तकाबाहेरचा म्हणून काढून टाकला.

असो. तुमच्यासाठी.

धड्यांचा क्रम बोर्डाच्या बापाचा नाही. नववीला मेंडेल सुरू करण्याआधी एक तास मियॉसिसला द्याच. अवस्थांची नावं तेव्हा नकोत, पूर्वावस्था-मध्यावस्था दहावीत बघतील ती. फक्त एवढंच: नक्कल एकदा, वाटणी दोनदा, म्हणून माणसाच्या ४६ गुणसूत्रांचे २३. लोकरीचे धागे घ्या, एक लांब जोडी एक आखूड जोडी, प्रत्येक जोडीत एक लाल (आईकडनं आलेला) एक पिवळा (बापाकडनं). दर गटाला सांगा जोडी सोडवून एकेक धागा एका बाजूला टाका. कुणाकडं दोन्ही लाल येतील, कुणाकडं लांब लाल आखूड पिवळा. दोन जोड्यांत चार प्रकार होतात हे पोरं स्वतःच मोजतात, मग विचारा २३ जोड्यांत किती. मोबाईलवर गुणाकार करू द्या, ८३,८८,६०८ आकडा आला की वर्गातनं जो आवाज निघतो तो ऐकण्यासारखा असतो. आणि यात क्रॉसिंग ओव्हर (जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात ते) धरलेलंच नाही हे पण सांगा. भाऊ-भाऊ वेगळे का दिसतात याला मग वेगळा तास लागत नाही.

मेंडेल शिकवताना नुसतं ३:१ सांगू नका, त्याचे खरे आकडे लिहा फळ्यावर. गोल दाणे ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. भागाकार पोरांना करू दे, २.९६ येतो. बरोबर तीन येत नाही, आणि हाच मुद्दा आहे. दोन-दोन नाणी द्या, छापा प्रभावी, काटा अप्रभावी, दोन्ही काटे पडले तरच अप्रभावी लक्षण दिसणार, एकेका गटाचं गणित तीनास एकच्या आसपास पण येणार नाही, सगळ्या वर्गाची बेरीज करा, येतं. यातनं जे कळतं ते पनेटची चौकट शंभरदा काढून कळत नाही, नाहीतर पोरं समजतात चार मुलं झाली की एकाला आनुवंशिक आजार होणारच आणि तीन सुटणारच.

जीभ गुंडाळायला लावू नका. सगळीकडं हीच अॅक्टिव्हिटी करून घेतात, कोणाची जीभ गोल होते हात वर करा. १९४० ला स्टर्टेव्हंट या आनुवंशिकीच्या संशोधकानी ते साधं प्रभावी लक्षण म्हणून मांडलं होतं, १९५२ ला मॅटलॉकनं सारख्या जुळ्यांत तपासलं तर एकाची होते दुसऱ्याची होत नाही अशा जोड्या निघाल्या, पुढं खुद्द स्टर्टेव्हंटनी पण सोडून दिलं, आपण अजून धरून बसलोय. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, त्याचं पण तसंच, एका जनुकाचं काम नाही ते. पोरगं घरी जाऊन आईबापाच्या जिभा तपासतं आणि नको ते विचारतं. घरच्यांचे रक्तगट तर वर्गात मुळीच मागू नका.

लिंगनिश्चितीला मात्र लाजू नका. आमच्याकडं गोठ्यातनं सुरुवात करायची. कालवडच व्हावी म्हणून जो रेतनाचा डोस मिळतो त्यात एक्स गुणसूत्रवाले (म्हणजे ज्यांच्यापासून मादी होते ते) शुक्राणू वेगळे काढलेले असतात, एक्समध्ये डीएनए वायपेक्षा जास्त म्हणून मशीनला ते ओळखता येतात, आणि दहातल्या नऊ वेळा तरी कालवड होते. हे गावातल्या प्रत्येक दूधवाल्याला माहीत आहे, डोस वळूचा, गाईला कोण बोल लावत नाही. आणि त्याच घरात सुनेला तिसरी मुलगी झाली की बोल कुणाला? २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. हे मी वर्गात बोललो त्याबद्दल पण साहेबांकडं तक्रार गेली होती, आणि एवढ्या एका बाबतीत ते माझ्या बाजूनं उभे राहिले, ते पण लिहायला पाहिजे.

दहावीला कांद्याची मुळं कराच. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवला की दोन-तीन दिवसांत मुळं येतात, सकाळच्या वेळेला टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच कापायचे, विभाजन तिथंच असतं. अॅसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा रंग) लावून, काचेखाली ठेवून अंगठ्यानं दाबायचं. बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळातच (इंटरफेज) दिसणार आणि पोरं म्हणणार "सर काहीच दिसंना", तर त्यांना म्हणा, पेशी बहुतेक वेळ विभाजनाची तयारीच करत असते, शोधा. एखाद्याला पश्चावस्था (गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जाताना) सापडली की मायक्रोस्कोपला रांग लागते. कांद्याची गुणसूत्रं १६ च, आणि मोठी, म्हणून तो घेतात.

आता उसाबद्दल एक राहिलं, नाहीतर कुणीतरी खाली येऊन मला झोडपेल. उसावर पनेटची चौकट मांडायला जाऊ नका. हल्लीच्या वाणांत गुणसूत्रं शंभराच्या वर असतात, दोनाच्या जोड्या नसून अनेक संच असतात, तीनास एक तिथं सापडणार नाही. ऊस फक्त टिपरी आणि तुरा यांतला फरक दाखवायला, प्रमाणासाठी वाटाणाच, आणि पेपरात पण वाटाणाच लिहायला सांगा, तिथं साहेबांचं खरं आहे. शहरात, शाहूपुरी-राजारामपुरीच्या शाळेत असाल आणि पोरांच्या घरी शेत नसेल तर जास्वंदीची फांदी नाहीतर बटाटा चालतो, किंवा कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारून बघा. तुरा दिवाळीनंतर मिळतो. नववीचा धडा तेव्हा जवळ असतो म्हणून जुळतं, पण दहावीचं विभाजन जून-जुलैत येतं तेव्हा रानात तुरा नसतो, म्हणून आदल्या वर्षीचे वाळवून कपाटात ठेवा. हेडसर कचरा म्हणून टाकायला सांगतील, टाकू नका.