पंधरात नाव, अकरात नाही

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘ताई, संघाच्या पंधरात नाव होतं पण पाचही मॅच बाहेर बसले. पुढच्या वर्षी बारावी. किट विकून टाकू का?’ फोनवर उत्तर देता आलं असतं, पण हा विषय दोन ओळींत संपणारा नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

शेवटच्या मॅचला मी आले होते. तू पाहिलं नसशील, मी साइटस्क्रीनच्या मागे उभी होते. ड्रिंक्सला तू धावत आत गेलीस, बाटल्या दिल्यास, यष्टिरक्षकाचा ओला ग्लोव्ह बदलून आणलास आणि परत येताना बोटांत नसलेला चेंडू फिरवत होतीस. तर्जनी आणि मधलं बोट, आपण नेटमध्ये करतो तसंच. ते बघितलं म्हणूनच हे एवढं लिहिते आहे.

मी कधी खेळायचं थांबवलं, हे तू मला अनेकदा विचारलंस आणि मी प्रत्येक वेळी विषय बदलला. आज सांगते. १९८६ च्या उन्हाळ्यात आपला संघ इंग्लंडला गेला होता. वूस्टरच्या कसोटीत संध्या अगरवालने १९० धावा केल्या. महिला कसोटीतला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पेपरात आलेली ती एवढीशी बातमी मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मी १९ वर्षांची होते, राज्याकडून खेळत होते आणि पुढच्या दौऱ्याची वाट बघत होते. पुढचा दौरा आलाच नाही. १९८८ च्या विश्वचषकालाही आपला संघ गेला नाही. भारताच्या मुली पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या त्या थेट १९९१ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मधल्या साडेचार वर्षांत मी बँकेची परीक्षा दिली, नोकरी लागली, चेंडू माळ्यावर गेला. संघ निघाल्याची बातमी वाचली त्या संध्याकाळी मी चेंडू खाली काढला आणि गच्चीवर टाकून पाहिला. टप्पा कुठेच पडेना. निवड झाली असती की नाही हा प्रश्नच नव्हता. हातच विसरला होता.

तीच साडेचार वर्षं डायना एदलजींच्या वाट्यालाही आली होती. त्या तुझ्यासारख्याच डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध आपली पहिली महिला कसोटी सुरू झाली, त्या संघात त्या होत्या. १९९१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरही होत्या. १९९३ च्या विश्वचषकात ३७ व्या वर्षी त्यांनी कर्णधारपद सांभाळलं. एवढ्या कारकिर्दीत त्यांना कसोटी सामने मिळाले २०. मग वर्षातले बाकीचे सगळे दिवस त्या काय करत असतील, याचा विचार कर. रेल्वेत महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्या खटपट करत राहिल्या आणि त्यातून रेल्वेचा जो संघ उभा राहिला त्याने वर्षानुवर्षं देशांतर्गत स्पर्धा जिंकल्या. नोकरी असेल तर मुलगी घरी भांडण न करता मैदानावर येते, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. म्हणून बारावी सोडायची नाही. हे मी तुझ्या आईची बाजू घेऊन सांगत नाही.

आपल्या पुण्याचंही यात नाव आहे. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. संघ किती, तर तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, लेगस्पिनर, त्या पहिल्या कसोटी संघात होत्या, पुढे कर्णधार झाल्या आणि २००६ मध्ये संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा सचिवही त्याच होत्या. पहिल्या कर्णधार शांता रंगास्वामी त्या दिवसांबद्दल सांगतात, की आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास असायचा, मुक्काम डॉर्मिटरीत, पाठीवर वळकटी आणि हातात किट. कौतुकाने ऐकावं असंच आहे, पण मला ते ऐकताना रागही येतो. खेळाडूला जमिनीवर झोपावं लागणं यात गौरवाचं काही नाही. मॅच फी पुरुषांइतकी व्हायला २०२२ साल उजाडलं. तेव्हा थांबावं लागणं हा मोठा गुण आहे असं कुणी तुला सांगितलं तर मान डोलवू नकोस. निवड समितीतल्या ताईंना सरळ जाऊन विचार, ‘मी कशात कमी पडले?’ नम्रपणे विचार, पण विचार. तो तुझा हक्क आहे.

आता स्नेह राणाबद्दल. विश्वचषकाच्या संघात तिला पाहिलंस, पण तिची ब्रिस्टलची खेळी तू पाहिलेली नाहीस. नोव्हेंबर २०१४ नंतर आपल्या मुलींना जवळपास सात वर्षं एकही कसोटी मिळाली नव्हती. जून २०२१ मध्ये मिळाली, इंग्लंडविरुद्ध, आधीच्या सामन्यात वापरलेल्या खेळपट्टीवर. स्नेह डेहराडूनची, ऑफस्पिनर. गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०१६ पासून भारतीय संघाबाहेर. त्या पाच वर्षांत ती रेल्वेकडून खेळत राहिली. कसोटीच्या दोनच महिने आधी तिचे वडील गेले होते. पहिल्या डावात तिने चार बळी घेतले. मग फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागलं, दुसऱ्या डावात आठ गडी गेले आणि दिवस तर बराच शिल्लक. समोर तानिया भाटिया. दोघींनी १०४ धावांची भागीदारी केली, शेवटपर्यंत नाबाद, आणि सामना वाचवला. स्नेह ८० वर नाबाद. त्या खेळीत मी बघत होते तिचे पाय. पुढे यायचा चेंडू असेल तर पूर्ण पुढे, नाही तर पूर्ण मागे, अधेमधे कुठे नाही. रेल्वेच्या कुठल्या तरी रिकाम्या मैदानावर, कॅमेरा नसताना केलेलं काम होतं ते.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची नवी मुंबईची रात्र तर आपण सगळ्यांनी तुमच्याच हॉलमध्ये बसून पाहिली. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. तू दीप्तीचे पाच बळी पाठ केलेस, ठीकच आहे. पण शफाली मुळात त्या संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी. जेमिमाला साखळीत इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं. तिनेच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. प्रतिका मात्र चाकांच्या खुर्चीत बसून जल्लोषात सामील झाली. तीनशेहून जास्त धावा करून. तिचं दुःख काय असेल ते मला लिहिता येणार नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर दोनच गोष्टी. बाहेर बसशील तेव्हा स्कोअरबुक मागून घे आणि प्रत्येक फलंदाजाला कुठल्या टप्प्यावर धावा मिळतात ते समासात पेन्सिलीने टिपून ठेव. आपल्याकडे हे काम मुली कंटाळवाणं समजतात. मी तुझ्या वयात असं एक पानही भरलं नाही. दुसरं, तुझा चेंडू हवेत छान थांबतो, पण फलंदाज पुढे आली की तू घाबरून आखूड टाकतेस. निवड समितीला तेच दिसलं असणार, असा माझा अंदाज आहे. यावर दोन महिन्यांत काम होण्यासारखं आहे. मुलांच्या नेटमध्ये टाक, ते पुढे येऊन मारतातच. मारू देत. पुढचा चेंडू पुन्हा तिथेच पडला पाहिजे.

किटचं म्हणशील तर बॅट विकायची असेल तर विक, तशीही ती तुला जड होते. बूट ठेव.

रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर ये. मॅट मी आदल्या संध्याकाळीच अंथरून खिळे ठोकून घेईन, सातनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं. चेंडू जुना आण, एक शिवण उसवलेला आहे ना तुझ्याकडे, तोच.

तुझी,
ताई