दोन एकर विकून कॅनडा, की वरुडातच संत्रा?

आपले वय २९, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री, वरुड तालुक्यात वडिलांच्या नावे ५ एकर ओलित आणि त्यांपैकी ४ एकर संत्रा. मावसभाऊ कॅनडात असल्यामुळे घरच्यांचा आग्रह असा, की बागेतले २ एकर विकून २४ लाख उभे करावेत आणि आपणही पदविकेसाठी तिकडे जावे. आपल्याला मात्र गावातच राहायचे आहे, आणि हा आर्थिक वेडेपणा ठरेल का, असे आपण विचारले आहे.

वेडेपणा ठरणार नाही. मात्र गावात राहण्याचाही हिशेब मांडावा लागेल.

आधी जमिनीचे पाहू. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे आपण कळवलेले एजंटाचे म्हणणे बरोबर आहे. त्याने न सांगितलेली बाब अशी, की शिक्षणासाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते आणि अनिवासीला भारतात शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणजे तिकडे डॉलर साठले, तरी तिकडे असेपर्यंत तो सातबारा आपल्या नावावर परत येणार नाही.

कॅनडाने विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी दाखवावी लागणारी रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलरवर नेली आणि पुढे ती आणखी वाढवली. सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. मावसभावाचा पगार घरात रुपयांत सांगितला जातो आणि खोलीचे भाडे सांगितलेच जात नाही, तेव्हा त्या तुलनेवर मी भरवसा ठेवणार नाही.

आता बाग. आपण कळवलेले तीन वर्षांचे निव्वळ उत्पन्न ३.१, १.४ आणि ४.२ लाख, म्हणजे सरासरी २.९ लाख, घरखर्च २.४ लाख. सरासरी दिलासा देते, परंतु नियोजन करायचे ते फळगळीने १.४ लाखांवर आणलेल्या वर्षाचे. त्या वर्षी पडलेली एक लाखाची तूट आपण सोने गहाण ठेवून भरली, आणि मला कॅनडापेक्षा या सवयीची अधिक चिंता वाटते. निम्मी बाग विकल्यास चांगल्या वर्षातही घरखर्च निघणार नाही, हे वडिलांना कागदावर मांडून दाखवावे.

राहायचे ठरल्यास चांगल्या बहराच्या पैशातून प्रथम एका वर्षाचा घरखर्च मुदत ठेवीत टाकावा. आंबिया बहराचा (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याच्या फळांचा) हवामान आधारित फळपीक विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा टाळू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. ते सोडून सावकाराकडे जाण्याचे कारण नाही. नव्या बोअरच्या भरवशावर झाडे वाढवू नयेत, कारण आपल्या भागात भूजलाचा उपसा आधीच मर्यादेपलीकडे गेला आहे. (वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची हौस आपल्याला आहेच, पाण्याची ओढही तिथल्यासारखीच आहे.)

वडिलांकडून दोन आंबिया बहरांची मुदत मागून घ्यावी. त्या दोन वर्षांची सरासरी २.४ लाखांच्या खाली गेली, तर परदेशाचा विषय पुन्हा काढावा. मात्र तेव्हा शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. २२ लाखांवर ११ टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३०,३०० रुपये येतो, आणि बँका अशा कर्जाला शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, त्यामुळे गावठाणातील घराची कागदपत्रे आजच नीट करून ठेवावीत.