कपाटातला वास, बाळाची दुपटी आणि नवा गालिचा

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी फर्निचर करून घेतलं. वॉर्डरोब उघडला की अजून डोळे चुरचुरतात, मुलगी खोकते. सुतार म्हणतो, पॉलिशचा वास आहे, जाईल. (डोंबिवली)

उत्तर : थिनरचा वास काही दिवसांत ओसरतो. तीन महिन्यांनंतरही डोळ्यांना झोंबतंय, तर माझा पहिला संशय फॉर्मल्डिहाइड या झोंबणाऱ्या वायूवर, आणि तो बोर्डातून येतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि साधं 'एमआर' प्लाय हे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने चिकटवलेलं असतं. दमट हवेत हे रेझिन हळूहळू फुटतं आणि वायू सुटत राहतो; उकाडा वाढला की आणखी. सनमायका चिकटवायचा पांढरा डिंक वेगळा असतो, त्याला दोष देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तो पुरावा प्रामुख्याने वर्षानुवर्षं या वायूत काम केलेल्या कामगारांचा आहे, म्हणून एका कपाटामुळे घाबरून जाऊ नका. घरातल्या हवेसाठी संघटनेने दिलेली मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाची सरासरी. अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरघरांत याच वायूने लोक हैराण झाले होते : जागा लहान, बोर्ड भरपूर, हवा कोंडलेली. दारं-खिडक्या लावून एसीत झोपायची आपली बेडरूम याहून फार वेगळी नसते, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो.

कपाट रिकामं करून दारं उघडी टाका, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, टेबलफॅन बाहेरच्या दिशेने लावा. मग बोर्डाच्या उघड्या जागा शोधा : मागची बाजू, शेल्फच्या खालच्या कडा, बिजागऱ्यांची आणि वायरींची भोकं. वायू तिथूनच सुटतो. तिथे लॅमिनेट किंवा एज बँड लावून घ्या. तोवर मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवा आणि खोकला डॉक्टरांना दाखवा. पुढच्या कामाला बोर्डावर 'ई-1' किंवा 'ई-0', म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या बोर्डाचा, शिक्का बघूनच माल उतरवा. आयएस 710 या भारतीय मानकाचं मरीन प्लाय महाग पडतं, पण त्यातलं फिनॉलिक रेझिन खूपच कमी वायू सोडतं.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला आली आहे. बाळाची जुनी दुपटी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपली आहेत. उन्हात टाकून वापरली तर चालतील? (सातारा)

उत्तर : नाही. आजी, ही दुपटी बाळाला वापरूच नका. डांबरगोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात, आणि ते श्वासातून व त्वचेतून शरीरात जातं. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-6-पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याइतकी वाढू शकते. बाळाला ही उणीव आहे की नाही, हे वरून कळत नाही. बाळ पिवळं किंवा पांढुरकं दिसलं, लघवी गडद झाली, दूध ओढेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि डांबरगोळ्यांचं आवर्जून सांगा. लोकर-रेशमाला लागणारी कसर स्वच्छ सुती कपड्याला सहसा लागत नाही. धुऊन, कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले सुती कपडे नीट राहतात.

प्रश्न : भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत नवा गालिचा टाकलाय. वासाने डोकं दुखतं. यातही फॉर्मल्डिहाइड? (न्यू जर्सी)

उत्तर : आजच्या गालिच्यात ते फारसं नसतं. तो 'नव्या गालिच्याचा' वास मुख्यतः 4-फिनाइलसायक्लोहेक्झीनचा, म्हणजे पाठीमागच्या कृत्रिम रबरातून निघणारा. नाकाला तो अगदी थोडाही जाणवतो. 1980 च्या दशकाच्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये खुद्द अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मुख्यालयात नव्या गालिच्यांनंतर कर्मचाऱ्यांनी त्रासाच्या तक्रारी केल्या होत्या. पहिले तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा, जमल्यास दुसरीकडे राहा. घरमालकाला खालच्या गादीचा आणि गोंदाचा प्रकार विचारा. पुष्कळदा त्रास गोंदाचाच असतो.

प्रश्न : मनीप्लांट आणि एअर प्युरिफायर पुरेत का? रात्री खिडक्या लावून मच्छर अगरबत्ती लावतो. (नाशिक)

उत्तर : कुंड्या शोभेसाठी ठेवा, हवा जाणवण्याइतकी साफ करायला घराचं रान करावं लागेल. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ धरतो, वायू नाही. मच्छर अगरबत्ती, म्हणजे कॉइल, मात्र आजच बंद करा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 51 सिगारेटींइतकं फॉर्मल्डिहाइड निघू शकतं, असं आढळलं. खिडक्यांना जाळी बसवा, पलंगाला मच्छरदाणी लावा आणि खिडक्या रात्रभर उघड्या ठेवा.