उजनीत फिश फाइंडर खोली कमी दाखवतो, गोड्या पाण्यातल्या आवाजाच्या वेगामुळे का?

तुमचं म्हणणं असं की समुद्रावर वापरलेला फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) उजनी धरणाच्या बॅकवॉटरला होडीवर बसवला, सेटिंग खाऱ्या पाण्याचंच राहिलंय, आणि वीसेक मीटर पाण्यात दोरी सोडून बघितली तर यंत्र दीड-दोन मीटर कमी दाखवतंय. नाही, हा वेगाचा दोष नाही. वेगामुळे उलटं व्हायला हवं होतं.

यंत्र मोजतं फक्त वेळ. आवाज तळाला आपटून परत यायला लागलेला वेळ, गुणिले आत धरलेला वेग, भागिले दोन. कोमट समुद्रात हा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. गोड्या पाण्यात २२ अंशांना १४८८, ३० अंशांना १५०९. म्हणजे १५४० धरून बसलेलं यंत्र आपल्याकडे थंडीत २० मीटरला २०.७ दाखवेल. जास्त! होडीखाली नसलेलं पाणी दिसणं हेच धोक्याचं, म्हणून सेटिंग गोड्या पाण्याचं कराच. १५०० धरलं की २० मीटरला हिवाळा असो वा उन्हाळा, चूक वीतभरसुद्धा उरत नाही.

मग तुमचे दीड-दोन मीटर गेले कुठे? मला संशय तळाचा आहे. यंत्राचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो; २० अंशांचा शंकू २० मीटर खोलीवर सात मीटर रुंद होतो, आणि त्यातलं सगळ्यात उंच जे असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो. उजनीत गावं बुडालीत. पडक्या भिंती, बाभळी, काय वाट्टेल ते खाली उभं असू शकतं. तुमचं वजन त्याच्या बाजूने थेट तळाला जातं. गाळ असेल तर त्यात रुततंसुद्धा, यंत्र मात्र गाळाचा वरचा थर धरतं. वाऱ्याने होडी सरकली की दोरी तिरकी, तिथेही माप वाढलं. शिवाय ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) पाण्याखाली जितका बुडालेला, तितकं यंत्र कमीच सांगणार.

खात्री करायची तर सकाळी, वारा सुटायच्या आत, लोखंडी पत्र्याच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधून तो ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडा. आधी पाण्याच्या पातळीपासून ५ मीटरवर, मग १० वर. (दोरीवर खुणा भिजवल्यावरच करा, आटते.) दोन्हीकडे फरक सारखाच आला तर तो ट्रान्सड्यूसरच्या बुडीचा, सेटिंगमध्ये तेवढा भरून टाका. खोलीबरोबर दुप्पट झाला तर वेगाचा. पत्र्याला आकडे जुळले आणि तळाला नाही, तर यंत्र बरोबर आहे, तळच तसा आहे.

आणि मासे लागतात ते पॉइंट सेव्ह करत असाल तर त्या दिवशीची धरणाची पातळीही लिहून ठेवा. उजनी शंभर टक्के असताना घेतलेली खोली, धरण मायनसमध्ये (उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात) गेल्यावर त्याच जागी कित्येक मीटरने उतरलेली असते.