वडील वारले, मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि बॅटरीही हवी आहे. सोलरची सबसिडी मिळेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर स्वतःचं आहे, छत मोकळं आहे, मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय आणि लाइट वरचेवर जाते म्हणून सोबत बॅटरी घ्यायची आहे. तर सबसिडी किती मिळेल आणि बॅटरी त्यात धरतात का?

मिळेल, पण मीटरवरचं नाव बदलल्यावर. तिकडे वळतोच, आधी बॅटरीचं सांगतो.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत बॅटरीसाठी एक रुपयाही मिळत नाही. सबसिडी ठरते ती फक्त सोलरच्या किलोवॅटवर. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. पुढे ५ बसवा नाहीतर १०, आकडा ७८,००० वरच थांबतो. किलोवॅट मोजताना पॅनेल आणि सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी, ती धरतात. त्यामुळे ३ किलोवॅटची पॅनेल लावून इन्व्हर्टर लहान घेतलात तर सबसिडीही तेवढीच कमी होते.

बॅटरी जोडली म्हणून सबसिडी जात नाही. यंत्रणा वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली मात्र असायलाच हवी. हायब्रीड इन्व्हर्टर, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींना जोडता येणारा, चालतो; लाइनशी संबंधच नसलेली ऑफ-ग्रिड यंत्रणा चालत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना सोलर बसल्यावरच कळते. साधं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारी कडक उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून उलटा करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. म्हणून बॅटरी घ्यायची ती लाइट गेल्यावर घर चालावं यासाठी. बिल कमी करायला ती लागत नाही, ते काम नेट मीटर करतो. दिवसा जास्तीची वीज लाइनवर जाते, ती रात्रीच्या वापरातून वजा होते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. तुमच्याकडे लाइट तासदीड तासच जात असेल आणि घरात लाइट गेल्यावर चालणारा नेहमीचा बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल, तर माझ्या मते यंदा बॅटरी घेऊ नका. नंतर घ्यायचं पक्कं असेल तर आत्ताच हायब्रीड इन्व्हर्टर लावा.

आता नावाचं. आमच्याकडेही मीटर वडिलांच्याच नावावर होता. बसवणारा म्हणाला, ‘ते नंतर बघू, आधी काम होऊ द्या.’ मी ऐकलं. सोलर चालू झालं, बिल उतरलं, पण सबसिडी अडकली. अर्जातलं नाव वडिलांचं आणि खातं माझं, पैसे जमा होणार कसे? शेवटी मृत्यूचा दाखला, भावाबहिणींची संमती, घरपट्टीची पावती असं सगळं जमवून मीटर माझ्या नावावर केला, पुढचे सोपस्कार पुन्हा केले. या सगळ्यात पाच महिने गेले आणि तोवर सोलरसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते खिशातून भरले. पैसे आधी आपणच पूर्ण भरायचे असतात, सबसिडी मागाहून खात्यात येते, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

नाव बदलून झालं की एका संध्याकाळी वीजबिल, आधार आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या बिलावर आडनाव आधी होतं, आधारवर ते शेवटी, आणि पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. आपल्याला हा एकच माणूस दिसतो, पण संगणकाला तीन दिसतात. ही दुरुस्ती अर्जाआधीच करून घ्या. बिलाची थकबाकी असेल तर तीही भरून टाका. या घरासाठी आधी दुसऱ्या कुठल्या योजनेतून सोलरची सबसिडी घेतली असेल तर ही मिळत नाही.

बसवणारा या योजनेत नोंदणीकृतच हवा. आणि कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या. म्हणजे पॅनेल भारतात बनलेलं, आतले सेलसुद्धा भारतातले. सबसिडीला हीच पॅनेल लागतात. नॉन-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात, म्हणून एखादं कोटेशन फारच कमी आलं तर पहिली शंका इथे घ्या. माल आला की पॅनेल छतावर चढण्याआधी, खाली भिंतीला टेकवलेली असतानाच, मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा: कंपनी, वॅट, अनुक्रमांक. एकदा स्ट्रक्चरवर बसली की मागे वाकून ते वाचणं कठीण जातं, मी प्रयत्न केलाय.

अर्जाची वाट तशी सोपी आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर (वेबसाइटवर) वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी अर्ज अडत नाही. मग काम, नेट मीटर, वीज कंपनीची पाहणी आणि शेवटी बँकेचा तपशील. पाहणी होईपर्यंत बसवणाऱ्याचे सगळे पैसे चुकते करू नका. पुढची ५ वर्षं देखभाल त्याच्याकडेच असते, ते करारात आहे ना बघा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मीटर आईच्या नावावर करायचा की तुमच्या, हे भावंडांशी या आठवड्यातच बोलून घ्या. ज्याच्या नावावर मीटर, त्याच्याच खात्यात ते ७८,००० येणार आहेत.