चिठ्ठीवरचा आकडा आणि जात्यावरच्या ओव्या

प्रश्न : सर, मी खानापूरची, बेळगावात एम.ए. करते. जांबोटी भागातल्या जात्यावरच्या ओव्या हा माझ्या प्रकल्पाचा विषय. गाइड म्हणाले, "लिटरेचर रिव्ह्यू आण, प्रायमरी सोर्स वेगळे दाखव, जर्नल पीअर रिव्ह्यूडच घे." मान डोलावली, पण कळलं काहीच नाही. लायब्ररीत ८९१.४६०९ अशी चिठ्ठी मिळाली. तासभर शोधूनही पुस्तक सापडलं नाही.

उत्तर : आधी पुस्तक शोधू. तू ८९१.४६१, ८९१.४६२, ८९१.४६३ ओलांडून पार पुढच्या कपाटापर्यंत गेली असणार, कारण ४६०९ मोठा दिसतो. काउंटरवर बसून जन्मभर हेच बघत आलो. अगं, हे दशांश आहेत, एकेक अंक ताडत जायचं. ४६ नंतर शून्य आलं, म्हणजे ते १ च्या आधी. मराठी साहित्याचा इतिहास कवितेच्या अलीकडे लागतो. तू सुरुवात केलीस त्याच्याही डावीकडे बघ. विषयावार आकडे देऊन पुस्तकं लावायची ही मेल्विल ड्यूई यांची १८७६ची पद्धत. तिच्यात कन्नड साहित्य ८९४.८१४ला, भाषाकुळ वेगळं म्हणून. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं, कपाटात मात्र लांब लांब! असो. ओव्यांसाठी ३९८ही चाळ, लोकसाहित्य तिथं असतं.

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे कथा-कवितांचं परीक्षण नव्हे. एका मुलानं तीन कादंबऱ्यांचे सारांश लिहून नेले होते, त्याचा काय दोष? शब्दच फसवा. ओव्यांवर आजवर कुणी काय अभ्यास केला, कुठं मतभेद आहेत, काय राहून गेलं, याचा आढावा हवा. जुने प्रबंध 'शोधगंगा' या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात.

प्रायमरी सोर्सचा घोळ मोठा. तुझ्या आजीनं म्हटलेली ओवी तू रेकॉर्ड केलीस, ती प्राथमिक साधन. ओव्यांवर एखाद्या प्राध्यापकाचा लेख, तो दुय्यम. पण ही जात पुस्तकाच्या अंगाला चिकटलेली नसते. १९४६ला बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याची तेव्हाची बातमी प्राथमिक, नंतर कुणी लिहिलेला इतिहास दुय्यम. पण 'त्या संमेलनाबद्दल पुढच्या पिढीनं काय लिहिलं' असा तुझा विषय असेल, तर तोच इतिहास प्राथमिक होऊन बसतो. प्रश्न बदलला की साधनाची जागा बदलते.

पीअर रिव्ह्यूड म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी लेख तपासलाय. नुसता आठ अंकी आयएसएसएन बघून भुलू नकोस. तो नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता, लेखाच्या दर्जाचा दाखला नव्हे. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांकडेही तो असतो.

आणि ओव्यांच्या वहीत प्रत्येक ओवीखाली म्हणणाऱ्या बाईचं गाव, वय, रेकॉर्ड केल्याची तारीख आजच घाल. तिला ओवी कुणाकडून आली, माहेरची की सासरची, तेही विचार. नाव छापायचं तर आधी तिची परवानगी घे. महिन्यानं आठवून लिहायला बसलीस तर जांबोटीची ओवी कणकुंबीची होते की!